मीडिया गेटवेवर सिग्नलिंगचा ताबा कसा चालतो: नागपुरातल्या नेटवर्क आणि टेलिफोन सांभाळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मीडिया गेटवे आणि कॉल एजंट यांच्यात काम कसं वाटलेलं असतं?

गेटवे आवाज हाताळतो. एका बाजूला टेलिफोनची तार किंवा ई१ लाइन (एकदम ३० कॉल नेणारी डिजिटल लाइन), दुसऱ्या बाजूला आयपी नेटवर्क. तारेवरून आलेल्या आवाजाचे तो आरटीपी (आयपीवरून आवाज नेणारा प्रोटोकॉल) पॅकेट करतो आणि पॅकेटचा पुन्हा आवाज. डायल टोन वाजवणं, घंटी देणं, दाबलेले अंक ओळखणं, प्रतिध्वनी कापणं हेही त्याच्याकडेच. मात्र यातलं काहीही कधी करायचं ते तो ठरवत नाही. ते ठरवतो कॉल एजंट, ज्याला मेगाको या प्रोटोकॉलच्या भाषेत मीडिया गेटवे कंट्रोलर आणि टेलिकॉम कंपन्यांत सॉफ्टस्विच म्हणतात. कोणता नंबर कुठे जोडायचा, कुणाला परवानगी आहे, बिल कुणाच्या नावावर, हे सगळं त्याच्या डोक्यात. आवाज मात्र त्याच्यातून जात नाही. तो थेट एका गेटवेकडून दुसऱ्याकडे जातो.

पुढच्या बहुतेक बिघाडांचं मूळ याच वाटणीत आहे. कॉल एजंटला वाटतं लाइन मोकळी आहे आणि गेटवेवर ती अडकलेली असते, किंवा याच्या उलट. म्हणून तक्रार आली की पहिला प्रश्न हाच विचारावा: दोघांच्या हिशोबात फरक कुठे पडला?

एमजीसीपी, मेगाको, एच.२४८, सिप. एवढी नावं कशाला?

यातली पहिली तीन नावं कॉल एजंटने गेटवेला हुकूम द्यायच्या भाषांची आहेत. एसजीसीपी आणि आयपीडीसी या दोन जुन्या प्रोटोकॉलच्या मेळातून एमजीसीपी तयार झाला. तो १९९९ मध्ये आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा क्रमांकित दस्तऐवज) २७०५ म्हणून आला आणि २००३ मध्ये आरएफसी ३४३५ ने त्याची जागा घेतली. मेगाको आणि एच.२४८ ही एकाच गोष्टीची दोन नावं: इंटरनेटची मानकं ठरवणारी आयईटीएफ आणि टेलिकॉमची ठरवणारी आयटीयू यांनी मिळून केलेलं काम, २००० मध्ये आरएफसी ३०१५. आता ते आयटीयूच्या एच.२४८.१ या शिफारशीत सांभाळलं जातं. या सगळ्यांत एक मालक आणि एक हुकूम पाळणारा असतो.

सिप वेगळा. त्यात दोन्ही टोकं बरोबरीची असतात. सिप गेटवेला स्वतःची अक्कल असते, डायल प्लॅन (कोणता नंबर कुठे जोडायचा याचे नियम) त्याच्याच कॉन्फिगरेशनमध्ये असतो. मोठ्या जाळ्यात दोन सॉफ्टस्विच एकमेकांशी सिपने बोलतात आणि प्रत्येक जण आपापल्या गेटवेंना एमजीसीपी किंवा एच.२४८ ने हलवतो. त्यामुळे 'सिप आहे म्हणजे एमजीसीपी नाही' असं समजू नका.

पोर्ट लक्षात ठेवा, फायरवॉलवर तेच लागतात. एमजीसीपी: गेटवेवर यूडीपी २४२७, कॉल एजंटवर २७२७, पण काही उत्पादनांत दोन्हीकडे २४२७ च असतो, तेव्हा मॅन्युअल बघा. एच.२४८: मजकूर स्वरूपात २९४४, बायनरीत २९४५. सिप: ५०६०, टीएलएसवर ५०६१.

एमजीसीपीमध्ये एक कॉल सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा जातो?

मिहानमधल्या ऑफिसात गेटवेच्या एफएक्सएस पोर्टवर साधा फोन आहे आणि सीताबर्डीच्या हेड ऑफिसात ई१ लाइन असलेला दुसरा गेटवे आहे, असं धरू.

फोन ठेवलेला असतानाच कॉल एजंटने आरक्यूएनटी (घटना कळवायला सांगणारा निरोप) पाठवून सांगून ठेवलेलं असतं: या पोर्टवर रिसीव्हर उचलला की मला कळव. रिसीव्हर उचलला की गेटवे एनटीएफवाय (घटना कळवणारा निरोप) पाठवतो, त्यात 'एल/एचडी', म्हणजे रिसीव्हर उचलला, ही घटना. कॉल एजंट २०० ने पोच देतो आणि लगेच नवा आरक्यूएनटी पाठवतो: डायल टोन वाजव, या डिजिट मॅपप्रमाणे (नंबरांच्या साच्याप्रमाणे) अंक गोळा कर, आणि रिसीव्हर ठेवला तर तेही सांग.

हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. प्रत्येक नवा आरक्यूएनटी आधीची सूचनायादी पूर्ण पुसून टाकतो. नव्या यादीत 'एचयू', म्हणजे रिसीव्हर ठेवला, ही घटना लिहायची राहिली तर काही गेटवेंवर माणूस फोन ठेवून निघून जातो आणि कॉल एजंटला पत्ताच लागत नाही. स्वतः स्क्रिप्ट लिहून कॉल एजंट चालवणाऱ्यांकडून ही चूक हमखास होते.

अंक पुरे झाले की सगळा नंबर एकाच एनटीएफवायमध्ये येतो. मग कॉल एजंट मिहानच्या पोर्टवर सीआरसीएक्स (कनेक्शन तयार करायचा हुकूम) पाठवतो, मोड 'रेक्व्हओन्ली', म्हणजे फक्त ऐक. उत्तरात २०० बरोबर कनेक्शनचा ओळख क्रमांक आणि एसडीपी येतो: माझा आयपी पत्ता अमुक, आरटीपी पोर्ट तमुक, कोडेक (आवाज पॅकेटमध्ये भरायची पद्धत) हे हे. तो एसडीपी घालून दुसरा सीआरसीएक्स सीताबर्डीच्या ई१ वरच्या एका चॅनेलला जातो आणि तिथला एसडीपी परत येतो. तो एमडीसीएक्सने (कनेक्शन बदलायच्या हुकुमाने) मिहानला पोचवला जातो. तोवर एक्सचेंजकडे कॉल गेलेला असतो. पलीकडची घंटी मिहानमध्ये ऐकू येते कारण एकतर्फी रस्ता आधीच उघडला आहे. समोरच्याने उचललं की शेवटचा एमडीसीएक्स मोड 'सेंडरेक्व्ह', म्हणजे पाठव आणि ऐक, असा करतो आणि बोलणं दोन्ही बाजूंनी सुरू होतं.

फोन ठेवला की एनटीएफवाय, मग दोन्ही टोकांना डीएलसीएक्स (कनेक्शन तोडायचा हुकूम). त्याचं उत्तर २०० नसून २५० येतं आणि त्यात 'पी' ने सुरू होणारी एक ओळ असते: पीएस म्हणजे पाठवलेले पॅकेट, पीआर म्हणजे मिळालेले, पीएल म्हणजे हरवलेले, जेआय म्हणजे जिटर (पॅकेट येण्याच्या वेळेतला चढउतार), एलए म्हणजे विलंब. ही ओळ सोन्यासारखी आहे आणि फार थोडे लोक ती साठवतात. ३ मिनिटांच्या कॉलमध्ये २० मिलिसेकंदांच्या पॅकेटने एका दिशेला ९,००० पॅकेट व्हायला हवेत. पीएल ९० असेल तर १ टक्का गळती. पीएस ९,००० आणि पीआर ० असेल तर वाद घालायची गरजच नाही: आवाज एकाच दिशेने गेला.

नागपूरसाठी डिजिट मॅप कसा लिहावा?

डिजिट मॅप म्हणजे गेटवेला दिलेला साचा. अंक त्यात बसले की तो वाट न बघता नंबर कॉल एजंटकडे पाठवतो. साचा नसेल तर प्रत्येक अंकाला एक निरोप जातो आणि सगळंच मंदावतं.

आपल्याकडे लागणारे साचे थोडेच आहेत. ०७१२ च्या आतले स्थानिक नंबर ७ अंकी. शून्य धरून ११ अंक: यात एसटीडी आणि मोबाइल दोन्ही बसतात, कारण एसटीडी कोड आणि नंबर मिळून १० अंक होतात. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य लागतं. त्याआधीचा डिजिट मॅप अजून चालवत असाल तर शून्याशिवाय लावलेले मोबाइलचे कॉल लागणार नाहीत. परदेशासाठी दोन शून्य आणि पुढे कितीही अंक, शेवटी टायमर. आणि ११२, १००, १०१, १०८ स्वतंत्रपणे, प्रत्येकी पूर्ण.

गडबड होते ती एक साचा दुसऱ्याची सुरुवात असतो तेव्हा. समजा मोबाइल शून्याशिवायही चालावा म्हणून कुणी ६ ते ९ ने सुरू होणारा १० अंकी साचा टाकला. स्थानिक साचा '२ ते ६ ने सुरू होणारे ७ अंक' असेल, तर ६ ने सुरू होणारा मोबाइल नंबर लावताना सातव्या अंकालाच स्थानिक साचा पूर्ण होतो. काही गेटवे तिथेच नंबर पाठवून मोकळे होतात आणि उरलेले तीन अंक वाया जातात. काही गेटवे थोडं थांबून बघतात, मग स्थानिक कॉलला विनाकारण उशीर होतो. एमजीसीपीत ही वाट बघायची वेळ ठरवून देता येते. नमुन्याच्या किमती आहेत ४ सेकंद, साचा पुरा झाला पण पुढे अजून अंक येऊ शकतात तेव्हा, आणि १६ सेकंद, साचा अर्धाच भरलेला असताना. 'नंबर लावला की बराच वेळ शांत' या तक्रारीत आधी टायमर न बघता साचे बघा. साचे एकमेकांवर चढणार नाहीत असे लिहिले की टायमरची गरज फक्त परदेशी नंबरांना उरते.

यूडीपीवर निरोप हरवला तर काय होतं?

पाठवणारा पुन्हा पाठवतो, प्रत्येक वेळी थोडं जास्त थांबून. पहिल्यापासून सुमारे २० सेकंदांत उत्तर आलं नाही तर तो नाद सोडतो आणि टोक तुटलं असं धरतो. आता दुसरी बाजू बघा: सीआरसीएक्स पोचला, कनेक्शन झालं, पण उत्तर हरवलं. तोच सीआरसीएक्स पुन्हा आला तर दुसरं कनेक्शन होऊ नये म्हणून गेटवे दिलेली उत्तरं सुमारे ३० सेकंद लक्षात ठेवतो. त्याच व्यवहार क्रमांकाचा निरोप आला की काम पुन्हा न करता जुनंच उत्तर परत देतो. ट्रेसमध्ये एकच क्रमांक तीनदा दिसला म्हणजे प्रोटोकॉलचा दोष नाही. नेटवर्कमध्ये गळती आहे किंवा कॉल एजंट दमला आहे.

एच.२४८ मध्ये वेगळं काय आहे?

विचार करायची पद्धत. एमजीसीपी कनेक्शन जोडतो. एच.२४८ मध्ये 'कॉन्टेक्स्ट' नावाची एक जागा असते आणि तिच्यात टर्मिनेशन टाकायची किंवा काढायची. ई१ वरचा चॅनेल हे कायमचं टर्मिनेशन. आरटीपीचा प्रवाह हे तात्पुरतं, कॉलपुरतं जन्मणारं. दोघांचा कॉल म्हणजे एका कॉन्टेक्स्टमध्ये दोन अॅड. तिसऱ्याला कॉन्फरन्समध्ये घ्यायचं तर तिसरा अॅड, बस. कॉल वेटिंगला मूव्ह, काढायला सबट्रॅक्ट. मोकळी लाइन 'नल' कॉन्टेक्स्टमध्ये पडून असते.

शिवाय एकाच निरोपात अनेक कॉन्टेक्स्टचे अनेक हुकूम भरता येतात आणि यूडीपीशिवाय टीसीपी आणि एससीटीपीही चालतं. म्हणून मोठ्या टेलिकॉम जाळ्यांनी हाच घेतला. आयएमएसमध्ये (टेलिकॉम कंपन्यांच्या आयपीवरच्या कॉल यंत्रणेत) एमजीसीएफ, म्हणजे तिथला गेटवे कंट्रोलर, आणि मीडिया गेटवे यांच्यातला एमएन इंटरफेस एच.२४८ चाच आहे. कचेरीच्या पातळीवर तो क्वचित दिसतो, त्यामुळे इथे त्यावर फार वेळ घालवत नाही.

कॉल लागतो, पण आवाज एकाच बाजूने येतो. कुठे बघावं?

एसडीपीमध्ये. 'सी' ने सुरू होणाऱ्या ओळीतला पत्ता वाचा. शाखेचा गेटवे ब्रॉडबँड राउटरच्या मागे असेल आणि त्या ओळीत १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता असेल, तर पलीकडचा गेटवे आवाज त्याच पत्त्यावर पाठवतो आणि तो कुठेच पोचत नाही. राउटरच्या वॅन बाजूला १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला तर सेवा देणाऱ्याने तुम्हाला सामायिक पत्त्यामागे ठेवलं आहे. पोर्ट फॉरवर्ड करूनही उपयोग नाही. स्थिर सार्वजनिक पत्ता घ्या किंवा शाखा व्हीपीएनने जोडा. दुसरा उपाय आम्हाला जास्त पसंत आहे, कारण सुरक्षेचा प्रश्नही त्यातच सुटतो.

पत्ता बरोबर असेल तर मोड बघा. शेवटचा एमडीसीएक्स हरवला किंवा त्याला ५०० च्या घरातलं उत्तर आलं, तर कनेक्शन 'रेक्व्हओन्ली'वरच अडकून राहतं. तिसरी शक्यता फायरवॉलची: २४२७ उघडला, पण आरटीपीच्या पोर्टची पट्टी उघडलीच नाही.

समोरच्याने फोन ठेवला तरी आमची लाइन तासन्‌तास अडकलेली राहते. का?

ही तक्रार बहुतेक वेळा एफएक्सओ पोर्टची असते, जिथे एक्सचेंजची साधी दोन तारांची लाइन येते. समोरच्याने ठेवलं हे एक्सचेंज दोन प्रकारे सांगू शकतं: पोलॅरिटी (दोन तारांवरच्या विजेची दिशा) उलटवून किंवा बिझी टोन वाजवून. पोलॅरिटी उलटत नसेल तर गेटवेला टोन ओळखावाच लागतो, आणि त्यात देश 'यूएस' ठेवलेला असेल तर त्याला आपला टोन ओळखता येत नाही. भारतात बिझी टोन ४०० हर्ट्‌झचा, ०.७५ सेकंद चालू आणि ०.७५ सेकंद बंद. घंटीचा ताल ०.४ चालू, ०.२ बंद, ०.४ चालू, २ सेकंद बंद. गेटवेत देश भारत करा. तसा पर्याय नसेल तर हे आकडे हाताने भरा.

टोन बरोबर असूनही कनेक्शन उरलं, तर डीएलसीएक्स हरवला असावा. कॉल एजंटकडून एयूईपीने (टोकाची तपासणी करायच्या हुकुमाने) त्या पोर्टवरची कनेक्शनं मागवा. कॉल एजंटच्या यादीत नसलेलं कनेक्शन दिसलं की डीएलसीएक्स पाठवून काढा. ही तपासणी रोज रात्री आपोआप चालेल अशी लावून ठेवणं उत्तम.

ई१ चा दिवा हिरवा आहे, तरी एकही कॉल लागत नाही. असं कसं?

ई१ मध्ये ३२ टाइमस्लॉट: ० फ्रेमिंगला, पीआरआयमध्ये (ई१ वरच्या आयएसडीएन सेवेत) १६ सिग्नलिंगला, उरलेल्या ३० वर आवाज. हिरवा दिवा एवढंच सांगतो की फ्रेमिंग जुळलं. सोळाव्या स्लॉटवर क्यू.९२१ चा, म्हणजे निरोप नीट पोचवण्याचा, थर गेटवेतच संपतो, पण त्यावरचे क्यू.९३१ चे, म्हणजे कॉल लावायचे-तोडायचे, निरोप गेटवे समजून घेत नाही. ते तसेच उचलून कॉल एजंटकडे पाठवतो. याला बॅकहॉल म्हणतात आणि तो एमजीसीपीपेक्षा वेगळ्या दुव्यावर, टीसीपी किंवा एससीटीपीवर चालतो. तो पोर्ट फायरवॉलने अडवला की एमजीसीपी नोंदणी व्यवस्थित दिसते, ई१ हिरवा दिसतो आणि ३० च्या ३० चॅनेल निकामी असतात. क्यू.९२१ ची अवस्था 'मल्टिपल फ्रेम एस्टॅब्लिश्ड' आहे का ते बघा.

दिवाच लाल असेल तर तारांपासून सुरुवात करा. सेवा देणाऱ्याचं उपकरण पुष्कळदा ७५ ओहमच्या दोन बीएनसी कोॲक्सवर लाइन देतं आणि गेटवेला १२० ओहमचं आरजे जॅक असतं. मध्ये बॅलन (या दोन प्रकारच्या तारा जुळवणारा जोड) लागतो. पाठवणारी आणि घेणारी कोॲक्स उलट लागणं ही दुसरी नेहमीची गोष्ट. तिसरी सीआरसी-४ (लाइनवरच्या चुका पकडायची सोय): दोन्हीकडे सारखं हवं. आणि क्लॉक नेहमी लाइनकडून घ्या. गेटवे स्वतःच्या क्लॉकवर ठेवला तर बोलताना अधूनमधून टिक-टिक ऐकू येते, जी लोक सहन करतात, पण फॅक्स आणि मोडेम मरतात.

लाइट जाऊन आली की अर्धा तास फोन धड चालत नाहीत. हे टाळता येतं का?

गेटवे उठला की आरएसआयपी पाठवतो: मी पुन्हा सुरू झालो, माझ्यावरची सगळी कनेक्शनं गेली. हिंगण्याच्या एमआयडीसीत एका फीडरवर असलेले सगळे गेटवे एकाच क्षणी उठले तर हे निरोप एकदम आदळतात, कॉल एजंट उत्तरं देऊ शकत नाही, सगळे पुन्हा पाठवतात आणि गर्दी वाढतच जाते. म्हणून प्रोटोकॉलमध्येच सोय आहे: प्रत्येक गेटवेने ० ते कमाल प्रतीक्षा वेळ यांच्यामधला एक यदृच्छ काळ थांबून मग आरएसआयपी पाठवायचा. ३०० गेटवे आणि ६० सेकंदांची कमाल वेळ म्हणजे सेकंदाला सरासरी ५ निरोप, जे कुठलाही कॉल एजंट पचवतो. लवकर सुरू व्हावं म्हणून कुणी ही वेळ शून्य करून ठेवली असेल तर ती आधी बदला. मात्र ज्या पोर्टवर कुणी रिसीव्हर उचलला त्याने वाट न बघता कळवायचं असतं. ते चालतंय का हेही तपासा.

मे महिन्यात लाइट न जाताही आरएसआयपी दिसू लागले तर खोलीचं तापमान बघा. बहुतेक लहान गेटवेंवर कामाची मर्यादा ४० अंशांची छापलेली असते आणि बाहेर ४५ असताना एसी बंद पडलेल्या बंद रॅकमध्ये ती सहज ओलांडली जाते. जूनच्या विजांत एफएक्सओ पोर्ट जळतात. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक तारेवर सर्ज प्रोटेक्टर आणि त्याला खरं अर्थिंग हवं.

लिंकला किती बँडविड्थ लागते?

भारतात जी.७११ कोडेकचा ए-लॉ प्रकार. २० मिलिसेकंदांत १६० बाइट आवाज, त्यावर ४० बाइटचे आयपी, यूडीपी, आरटीपी हेडर. म्हणजे एका दिशेला ८० केबीपीएस, इथरनेट धरून ८७.२. पूर्ण ई१ चे ३० कॉल म्हणजे सुमारे २.६ एमबीपीएस. जी.७२९ या कमी जागा घेणाऱ्या कोडेकमध्ये हेच ३१.२ आणि सुमारे ०.९४. सिग्नलिंगला यापुढे नगण्य जागा लागते, पण गर्दीत तेच पॅकेट टाकले गेले तर कॉलच लागत नाही. आवाजाला डीएससीपी (पॅकेटचं प्राधान्य सांगणारा आकडा) ४६ आणि सिग्नलिंगला २४ अशी खूण करा आणि राउटर ती मानतो की पुसतो ते पाहा.

कॉल एजंट मुंबईत ठेवला तर चालेल?

चालेल. अंतर सुमारे ८०० किलोमीटर. फायबरमध्ये किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद धरले तर जाऊन-येऊन ८ मिलिसेकंद, प्रत्यक्ष मार्गाने त्याच्या दुप्पट-तिप्पट. डायल टोनला एक फेरी लागते, ती कानाला कळत नाही. मिहान ते सीताबर्डीचा आवाज मुंबईला जातच नाही. धोका उशिराचा नाही, लिंक तुटण्याचा आहे: लिंक गेली की शेजारच्या टेबलालाही फोन लागत नाही, कारण गेटवेला स्वतःहून काही करता येत नाही. म्हणून लिंक गेल्यावर सिप किंवा एच.३२३ वर स्वतः कॉल चालवू शकेल असाच गेटवे घ्या, त्यात निदान एक स्थानिक लाइन आणि ११२ चा मार्ग लिहून ठेवा, आणि केबल काढून ११२ सोडून दुसरा नंबर लावत हा मार्ग खरंच उघडतो का ते तपासा.

एमजीसीपी इंटरनेटवर उघडा ठेवला तर?

ठेवू नका. प्रोटोकॉलमध्ये पासवर्ड नाही, सहीशिक्का नाही. २४२७ पर्यंत पोचणारा कुणीही कॉल एजंटचं सोंग घेऊन सीआरसीएक्स पाठवू शकतो, आवाज तिसरीकडे वळवू शकतो, तुमच्या ई१ वरून परदेशी कॉल करू शकतो. मानकातच आयपीसेक वापरायला सांगितलं आहे. व्हीपीएन लावा आणि गेटवेवर फक्त कॉल एजंटच्या पत्त्याला परवानगी द्या. परवान्याशिवाय बाहेरचे इंटरनेट कॉल टेलिफोन जाळ्यात सोडणं भारतात गुन्हा आहे, आणि चौकशी आली तर ती लाइन ज्याच्या नावावर त्याच्याच दारात येते.

नवीन ऑफिससाठी कोणता प्रोटोकॉल घ्यावा?

पाच-दहा फोन आणि एक-दोन लाइन असतील तर सिप, विचार न करता. जाणकार माणूस सहज मिळतो. शेकडो साधे फोन, सगळा डायल प्लॅन एकाच ठिकाणाहून बदलायचा आणि पीआरआयचं सिग्नलिंग जसंच्या तसं मध्यवर्ती यंत्राला हवं, अशा ठिकाणी एमजीसीपी अजूनही चोख काम करतो. चालू असलेली एमजीसीपी व्यवस्था केवळ जुनी म्हणून उपटू नका.

सेवा देणाऱ्याकडे तक्रार करताना काय द्यावं?

गेटवेच्या बाजूचा वायरशार्क ट्रेस (त्या सॉफ्टवेअरने केलेली पॅकेटची नोंद), तक्रारीचा कॉल त्यात पूर्ण असलेला. वायरशार्क एमजीसीपी आणि मेगाको दोन्ही उलगडून दाखवतो. सोबत कॉलची वेळ सेकंदापर्यंत, आणि दोन्ही यंत्रांची घड्याळं एनटीपीने जुळलेली. २५० च्या उत्तरातली 'पी' ची ओळ. एररचे आकडे जसेच्या तसे: ४०१ म्हणजे घंटी द्यायला सांगितलं तेव्हा फोन आधीच उचललेला होता, ५०० म्हणजे असं टोकच माहीत नाही, आणि तिथे बहुतेक वेळा पोर्टच्या नावातलं एखादं अक्षर दोन्हीकडे वेगळं असतं, ५०२ म्हणजे गेटवेकडे साधनं संपली, ५३४ म्हणजे कोडेक जुळला नाही. ५०२ फक्त सकाळी अकराच्या सुमारास येत असेल तर तेही लिहा. मग तो बिघाड राहत नाही, चॅनेल किंवा डीएसपी (आवाज हाताळणारी चिप) वाढवायची वेळ आलेली असते.